पोट्टीच्या खटल्याची इंग्रजी

खटला उभा राहिला की त्याला निकाल असतोच, असं तुम्ही आम्हाला शिकवलं. साफ खोटं शिकवलं. आधी साक्षी होतात, मग वकील भांडतात, मग न्यायाधीश चष्मा पुसतो आणि सांगतो, सुटला की अडकला. हिवरखेडच्या शाळेच्या ओसरीत बसून तुम्ही हे इतक्या वेळा सांगितलं की मला वाटायचं, कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या उपटतात, तसंच खटल्याचं असेल. माझी नात जेलात आहे आणि तिचा खटला अजून सुरूसुद्धा झालेला नाही. सुरूच झाला नाही तो संपेल कुठून? लेकरांच्या डोक्यात असं काही भरायच्या आधी माणसानं चार ठिकाणी विचारून घ्यावं.

आता नमस्कार घ्या, गुरुजी. ओळखा न ओळखा. चौथीत खिडकीपाशी बसायची, पाणी आणायला धाडली की विहिरीवर भांडून यायची, ती मी. माझे केस सगळे पांढरे झाले, दात खालचेच राहिले, आणि तुम्ही तर केव्हाच गेले. तुम्ही गेल्याचा निरोप बडनेऱ्याला आला तेव्हा मी रेल्वेच्या क्वार्टरमागे गोवऱ्या थापत होते आणि खरं सांगते, हात थांबला नाही. शेण वाळून गेलं असतं. कागदावर मी तुमच्या पुस्तकी भाषेत लिहिते, कारण ती तुम्ही पट्टीनं ठोकून शिकवली. तोंडात अजून आपलीच आहे. मध्येच ती घुसली तर लाल पेन्सिल काढू नका.

अर्ध्या वर्गाजवळ पुस्तकच नसायचं, म्हणून तुम्ही अकोल्याहून येणारा शिळा पेपर वाचायला लावायचे. त्या वर्षी कुण्या पुढाऱ्याचा खटला पेपरात रोज छापून येत होता. कमळ आणि बदक संपलं आणि आम्ही एकदम आरोपीवर येऊन पडलो. जोडाक्षरं मी न्यायाधीश, साक्षीदार आणि स्वातंत्र्य यांच्यावर गिरवली. घरी जाऊन मी आईला विचारलं, ‘माय, उलटतपासणी म्हणजे काय, माहीत आहे काय तुले?’ ती म्हणाली, ‘भाकर उलटव आधी, जयून राहिली.’ एकदा वाचताना मी ‘न्यायाधीशांनी आरोपीस’ इथवर आले आणि पुढचं न बघताच ‘सोडून दिले’ म्हणून मोकळी झाले. त्या पुढाऱ्याच्या मिशा आमच्या मामासारख्या होत्या, म्हणून तो सुटावा असं मला वाटत होतं. छापलं होतं भलतंच. तुम्ही माझ्या बोटांवर पट्टी मारली आणि म्हणाले, ‘जे लिहिलं आहे ते वाच. तुला पाहिजे ते वाचू नको.’ बोटं दोन दिवस ठणकली. पुढाऱ्याचं काय झालं ते मात्र आठवत नाही.

तुमचा त्या गोष्टीवर एवढा भरवसा का होता, ते मला आता कळतं. स्वराज्याच्या वेळी तुम्ही स्वतः जेल पाहून आले होते. तुम्ही मोठ्या ऐटीत सांगायचे, इंग्रजानं मला सहा महिने दिले, आणि सुटायच्या दिवशी माझे वडील बंडी जुंपून पहाटेपासून फाटकाशी उभे होते. आम्ही लेकरं बैलांची नावं विचारत बसायचो. आज मला दुसरंच विचारायचं आहे. तुमच्या बापाला कोणत्या दिवशी बंडी जुंपायची हे ठाऊक होतं ना? माझा लेक रेल्वेत नोकरीला आहे, त्याला बसायला फुकट पास आहे, आणि त्याला कोणत्या दिवशी निघायचं ते कोणी सांगत नाही.

आणखी एक राहिलं. पाचवीत इंग्रजी लागते म्हणून तुम्ही चौथीच्या पोट्ट्यांना शाळा सुटल्यावर एबीसीडी शिकवायचे, आणि आम्हा पोरींना तेवढ्या वेळात माठ भरून ठेवायला सांगायचे. मी एकदा दारात थांबले तर म्हणाले, ‘तुला काय करायचं गं इंग्रजीचं? गोऱ्याशी लग्न लावायचं आहे का?’ सगळे हसले, मीही हसले. चौथीनंतर शाळा सुटली तेव्हा तुम्ही मला वर्षभराच्या पेपरांची रद्दी बांधून दिली, वाचत जा म्हणून. आईनं ती फडताळात अंथरली. स्वयंपाक करता करता मी मान वाकडी करून खटले वाचायची, आणि नेमकं ‘निकाल’ लिहिलं असेल तिथे आईनं मिठाची बरणी ठेवलेली असायची. उचलली तर ओरडायची. तेवढी तुमची भेट मी वापरली. मग लग्न, बडनेरा, लेकरं, नातवंडं. पेपर घरात यायचा, पण मी त्यातला भाव आणि मेलेल्यांचे फोटो एवढंच बघायची.

ही नात माझ्या लेकाची. आमच्या घरात माझ्यासारखं तोंड तिचं एकटीचंच आहे. अमरावतीला कॉलेज झालं आणि मग ती खाली दक्षिणेत मोठ्या विद्यापीठात शिकायला गेली. तिथे जमीन गेलेल्या लोकांचा मोर्चा निघाला, त्यात ही बोलली. ती बोलली, एवढं मला ठाऊक आहे. पोलीस म्हणतात, नुसती बोलली नाही, कटात होती, मोबाईलात कागद सापडले. कोणाचं खरं ते ठरवायलाच कोर्ट असतं ना? मी तर म्हणते, ठरवा. खोटी निघाली तर मी स्वतः तिचे कान उपटीन. पण ठरवा तर. पकडली तेव्हा मराठी चॅनलवर दोन दिवस तिचा फोटो फिरला, गल्लीतल्या बायका साखर मागायच्या निमित्तानं येऊन आमची तोंडं पाहून गेल्या. तिसऱ्या दिवशी टीव्हीवर कोणाचं तरी लग्न लागलं आणि आमची पोट्टी संपली. त्यानंतर तिची बातमी कुठे आली तर इंग्रजीत येते, सुनेच्या मोबाईलवर, दहा ओळींची.

सून बालवाडीत शिकवते. इंग्रजी वाचते, पण लेकरांना सांगावं तसं मला सांगते. मी विचारायची, ‘काय लिहिलं आज?’

‘काही नाही आई. पुढची तारीख देली.’

‘अन् तुहं तोंड काहून उतरलं?’

‘उन्हातून आली मी.’

एकदा अकोल्याहून माझ्या लेकीचा फोन आला आणि ती रडायलाच लागली, ‘अवो माय, अर्ज फेटायला म्हणे कोर्टानं!’ जामिनाचा अर्ज फेटाळून आठवडा झाला होता. सुनेनं आठवडाभर मला पुढची तारीख भरवली होती. मी तिला धरलं. ती म्हणाली, ‘तुमाले बीपी आहे, आई.’ मी म्हटलं, ‘बीपी माहं आहे, तशी पोट्टी बी माही आहे. दोनीची बातमी मले लागते.’ तर ती पदर तोंडाला लावून आत गेली. तिच्याशी भांडून काय होणार? ती आई आहे, खरं बोलायला तिच्याजवळ जागाच नव्हती. मग मी ठरवलं, आपणच वाचायचं.

अक्षरं मी स्टेशनांच्या पाट्यांवर शिकले. हसू नका. लेकीकडे अकोल्याला मी महिन्यातून एकदा पॅसेंजरनं जाते. प्रत्येक स्टेशनाच्या पाटीवर नाव तीनदा असतं; वरची मराठी-हिंदी मला वाचता येते, तर खालचं इंग्रजी तेच असणार. बडनेऱ्यानं मला बी दिला. कुरुमनं यू दोनदा दिला. माना स्टेशन लहान, गाडी जेमतेम थांबते, पण तिथे एम आणि एन शेजारी शेजारी उभे आहेत, आणि ए दोनदा आहे म्हणून तो पक्का बसला. मूर्तिजापूर लांबलचक, तिथे गाडीही बराच वेळ थांबते, म्हणून पुष्कळ अक्षरं तिथलीच. एल अकोल्यानं दिला, आय अमरावतीच्या शेपटीला सापडला. शेजारच्या सीटवरची एक बाई म्हणाली, ‘आजी, काय पुटपुटून राहिल्या? जप करता काय?’ मी म्हटलं, ‘हो बाई, जपच.’ घरी येऊन मोबाईलात पहिला शब्द मी माझ्या हिमतीवर वाचला, तो बेल. बडनेऱ्याचा बी, अकोल्याचे ए आणि एल, मध्ये अमरावतीचा आय. त्याच्या शेजारी आणखी एक शब्द होता, तो मला येईना. तो रिजेक्टेड होता.

मग रोज एकदोन शब्द. सून पोळ्या लाटते आणि मी ओट्याशी स्टुलावर बसून अक्षरं वाचून दाखवते, ती शब्द सांगते. आता तिला खोटं बोलता येत नाही, कारण अक्षरं माझ्या हातात असतात. इंग्रजीत नाही म्हणायला किती शब्द ठेवले आहेत हो! रिजेक्टेड, डिनाइड, डिसमिस्ड, डिक्लाइन्ड. आपल्याकडे एक नाही पुरतो, आणि म्हणणाऱ्याला समोरच्याचं तोंड पाहून म्हणावा लागतो. सगळ्यात जास्त वेळा आला तो अडजर्न्ड, म्हणजे पुढे ढकललं. न्यायाधीश आजारी, अडजर्न्ड. फाईल आली नाही, अडजर्न्ड. एकदा आलं, सॉट टाइम. सुनेनं सांगितलं, सरकारी वकिलानं वेळ मागितला. मी म्हटलं, ‘मागितला? त्याच्यापाशी आहेच की वेळ. जातो तो पोट्टीचा.’ अंडरट्रायल आला तेव्हा ती म्हणाली, ‘म्हणजे कच्ची कैदी, आई. शिक्षा झाली म्हणजे पक्की.’

‘म्हणजे काय आढीत घातली का तिले? पिकायची वाट पाहून राहिले?’

सून हसली. पोळी तव्यावर फुगली होती, ती तिनं हसता हसताच उतरवली. पोट्टी गेल्यापासून त्या स्वयंपाकघरात हसू आलं ते तेवढंच. म्हणून मी लक्षात ठेवलं आहे, नाहीतर विनोद काही फार मोठा नव्हता.

मी नवस बोलले होते. तुम्ही नवसाला नावं ठेवायचे ते आठवतं मला, पण तुम्ही सगळ्यांनाच नावं ठेवायचे. कौंडण्यपूरला जाऊन मी रुक्मिणीला सांगितलं, तूही या गावची पोर, घर सोडून दूर गेलेली. माझी सोडव, तुझ्या घाटावर रोडग्यांची पंगत घालीन. आणि गुरुजी, सुटली हो. एका दुपारी मोबाईलवर आलं, बेल ग्रँटेड. ग्रँटेड मला येत नव्हता, आधी कधी आलाच नव्हता. सुनेनं सांगितला तेव्हा मी तिच्याकडून पुन्हा अक्षर अक्षर म्हणवून घेतला. लेक त्याच संध्याकाळी अकोल्याहून दक्षिणेच्या गाडीत बसला, पोट्टीला आणायला. जामिनाचे कागद होईपर्यंत दोनतीन दिवस लागणार होते. मी म्हटलं, उद्याच रोडगे.

सून म्हणाली, ‘आई, पोट्टी घरात पाय ठेवू द्या. मंग करू.’

‘देवीनं तिचं काम केलं. आता आपलं आपुन करायचं. नवस शिळा ठेवत असतात काय?’

आमच्यात हीच रीत. काम झालं की देवाला ताटकळत ठेवू नये, नाहीतर दिलेलं परत जातं. माझी सासू असंच सांगायची, तिची सासूही. दुसऱ्या दिवशी टेम्पो करून गल्ली घेऊन गेलो. वर्धेच्या काठाला गोवऱ्यांचा जगरा पेटवला, निखाऱ्यात कणकेचे रोडगे पुरले, वांग्याची भाजी केली, वरण केलं. माझी मोठी जाऊ, जिला आयुष्यात कधी कोणाचं बरं पाहवलं नाही, तीसुद्धा म्हणाली, ‘देवी पावली तुले, बाई.’ पंगत बसली. सून तूप वाढत होती, तेवढ्यात तिचा फोन वाजला. वकील होता. ती तशीच उभी राहिली, वाटी वाकडी, तूप कोणाच्या तरी पत्रावळीवर धार धरून पडतंय.

‘काय झालं?’ मी विचारलं.

त्या दिवशी पहिल्यांदा तिनं मला तारीख नाही भरवली. म्हणाली, ‘स्टे.’

‘म्हंजे?’

‘थांबवलं, आई. वरच्या कोर्टात सरकारनं अपील केलं. सुटका थांबवली.’

पंगतीतले हात थांबले. कोणी घास गिळेना, कोणी पानावरून उठेना. शेवटी जाऊच बोलली, ‘आता काय करायचं बाई? खायचं का नाही खायचं?’

‘खा,’ मी म्हटलं. ‘भाजलेला रोडगा काय विस्तवात परत जाते?’

खाल्लं लोकांनी. मान खाली घालून, मयताच्या घरी जेवतात तसं. तूप कोणी मागितलं नाही. माझा लेक तेव्हा गाडीत होता, त्याला फोन लागत नव्हता. तो तिथे उतरला, जेलच्या फाटकापर्यंत गेला, आणि त्याला तिथल्या शिपायाकडून कळलं. पिशवीत तिचा नवा पंजाबी ड्रेस होता, तो घेऊन परत आला. आईनं दिलेला, इस्त्री केलेला.

परत आल्यावर जाऊ म्हणाली, ‘दुसरा नवस बोल. मोठा बोल.’ मी तिला म्हटलं, काय तोंडानं बोलू? तेच काम, तीच देवी. तिनं सोडवली होती, मी फेडलं, आमचा व्यवहार पुरा झाला. पुढचं वरच्या कोर्टाचं, तिथे रोडगे चालत नाहीत. माझ्यापाशी मागायला तेवढं एकच दार होतं, ते मी घाईनं पंगत घालून माझ्याच हातानं लावून घेतलं. हे मी कोणाला सांगत नाही. सून मला बोलली नाही, बोलली असती तर बरं झालं असतं.

नंतर वरच्या कोर्टाचा निकाल आला. हो, निकाल आला, पण खटल्याचा नाही. जामीन मिळायला हवा होता की नको, याचा. सून बालवाडीत होती. मोबाईल ती त्या दिवशी घरी विसरली होती. मी उघडला, जसा ती उघडते तसा. पोट्टीचं नाव मला आता इंग्रजीत दुरूनही ओळखू येतं. बाजूला बेल होता, ऑर्डर होता, आणि दोन शब्द होते, सेट असाइड. दोन्ही सोपे, अक्षरं सगळी ओळखीची. त्यांचा अर्थ मला कोणी सांगितला नव्हता, पण खालच्या ओळीत कस्टडी होता, आणि तो मला येतो. मी पाहिजे ते वाचलं नाही, गुरुजी. लिहिलं होतं तेच वाचलं. मोबाईल होता तिथे ठेवला आणि डाळ निवडायला बसले. संध्याकाळी सून आली, आत जाऊन मोबाईल बघितला असावा, बराच वेळ आतच होती. मग बाहेर येऊन माझ्याजवळ बसली आणि सुपातली डाळ चिवडत म्हणाली, ‘पुढची तारीख देली, आई.’ मी म्हटलं, ‘बरं.’ आता आम्ही दोघी एकमेकींना तारीख भरवतो.

एकदाच मी भेटायला गेले. अकोल्याहून रात्रभर आणि अर्धा दिवस गाडी. मध्ये काच, काचेला टेलिफोन. शेजारी खुर्चीवर एक पोलीसबाई. फाटकावरच्या शिपायानं मोडक्या हिंदीत बजावलं होतं, त्या बाईला कळेल त्या भाषेतच बोलायचं; त्यांची भाषा नाहीतर इंग्रजी. हिंदी कळणारी बाई त्या दिवशी सुट्टीवर होती. पोट्टीनं फोन कानाला लावला आणि इंग्रजीत हळूहळू काहीतरी म्हणाली. माझ्याकडे बघत होती, पोलीसबाईकडे बघत होती. मला एक शब्द कळला नाही. त्यात कोर्टाचं काहीच नव्हतं ना. माझ्यापाशी होतं ते मी काढलं. म्हटलं, ‘अडजर्न्ड.’ ती दचकली. मी म्हटलं, ‘सॉट टाइम. सेट असाइड.’ ती हसायला लागली, तोंडावर हात ठेवून, खांदे हलेपर्यंत. दंडाची हाडं दिसत होती. मग तिनं विचारलं, ‘आजी?’ तेवढंच आपल्या भाषेतलं. पोलीसबाईनं त्याला हरकत घेतली नाही. मी मान हलवली. बाकीचा वेळ आम्ही फोन कानाला लावून नुसत्या बसलो.

पत्रांचंही तसंच आहे. मराठीत पाठवलं तर जेलात ते वाचून तपासणारं कोणी नाही, म्हणून ते पडून राहतं आणि कधीतरी तसंच परत येतं. सून इंग्रजीत लिहिते. मी सांगते, ‘लिही, तुह्या बापाची तब्येत बरी आहे, बिचारा गुमसुम राहते. लिही, मागची लिंबोणी वठली, तिच्या जागी मी कढीपत्ता लावला, तोही मरतुकडाच निघाला. लिही, जेवत नसशील तर येऊन थोबाड रंगवीन.’ ती चार शब्द लिहून थांबते.

‘एवढं बोलली मी, अन् एकच ओळ?’

‘इंग्रजीत तेवढंच होते, आई.’

वकील म्हणतो, साक्षीदार पुष्कळ आहेत, खटला उभा राहिला तरी वर्षं जातील. मी विचारलं, किती? तर तो म्हणाला, सांगता येत नाही. चांगला माणूस आहे, खोटं बोलत नाही. पण माझ्या तारखेला कोणी वेळ मागून घेणार नाही, तिथे सरकारी वकील नसतो. ती सुटेल तेव्हा मी नसेन, हे मी लिहून टाकते, कारण या घरात हे बोलायला कोणी तयार नाही. मी कुठलाही चमत्कार धरून बसलेली नाही. देवीशी हिशेब संपला, कोर्टाशी ओळख नाही.

गेल्या आठवड्यात ठरवलं की पोट्टीला स्वतःच्या हातानं इंग्रजी पत्र लिहायचं. अक्षरं काढता येतात मला, वेडीवाकडी, पण येतात. कागद घेऊन बसले. तिचं नाव लिहिलं. आणि पुढे काही आलंच नाही, गुरुजी. कस्टडी लिहिता येतं. रिमांड, चार्जशीट, सगळं येतं. जेवलीस का, ते येत नाही. थंडी वाजते का, केस कोण विंचरून देतं, ते येत नाही. एवढी इंग्रजी शिकले आणि लेकराशी बोलण्यासारखा एक शब्द त्यात नाही. सुनेला विचारून लिहिता आलं असतं. विचारलं नाही. तिनं सांगितलं असतं आणि दोघीही रडलो असतो, आणि मला ते जमत नाही. म्हणून तोच कागद उलटा केला आणि तुम्हाला लिहायला घेतलं, कारण मराठीत मला कोणालाही फैलावर घेता येतं, आणि तुम्ही उठून जाऊ शकत नाही.

हे पत्र मी टाकणार नाही. तुमचा पत्ता नाही, आणि पाठीमागे तिचं नाव आहे, ते मला टपालात द्यायचं नाही. खरं म्हणजे वरची अर्धी भांडणं तुमच्याशी नव्हतीच. जिच्याशी करायची ती काचेपलीकडे आहे. तेव्हा तुम्ही उत्तराच्या भानगडीत पडू नका. मेलेल्या माणसांचं उत्तर मला नको. वकिलानंही देऊ नये आणि सुनेनं तर मुळीच देऊ नये, ती तारीख देईल. उत्तर पोट्टीनं द्यायचं. या घरात येऊन, तोंडानं, आपल्या भाषेत, ती जेवत होती की नाही ते सांगायचं. मी नसले तर भिंतीकडे तोंड करून सांगायचं, पण तिनंच.